बिनपगारी कारभाऱ्यांची शाळा

१८७८च्या बर्लिन परिषदेने बोस्निया-हर्जेगोव्हिना हा ऑटोमन साम्राज्याचा प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कारभाराखाली दिला. नव्या सरकारने रस्ते बांधले, रेल्वे आणली, कचेऱ्या उभारल्या. शिक्षण मात्र मागेच राहिले. १९१०च्या जनगणनेतही दर दहा माणसांतील जवळजवळ नऊ निरक्षर होती. प्रांतात विद्यापीठ नव्हतेच. सारायेव्होला ते मिळाले १९४९ साली. तोवर मोस्तार किंवा व्हिशेग्रादच्या मुलाला वकील वा डॉक्टर व्हायचे असेल, तर झाग्रेब, व्हिएन्ना, ग्रात्स किंवा प्राग गाठावे लागे. प्रवासखर्च, खोलीभाडे, फी, पुस्तके हा भार शेतकऱ्याला किंवा लहान दुकानदाराला पेलणारा नव्हता. तो उचलण्यासाठी १८९२ ते १९०३ या काळात चार समाजांनी आपापल्या संस्था काढल्या. या संस्थांनी किती पदवीधर घडवले, याची चर्चा पुष्कळ होते. माझ्या मते त्यांचे अधिक मोठे काम दुसरेच होते. ज्यांना राज्यकारभारात कसलाही आवाज नव्हता, अशा माणसांना त्यांनी सार्वजनिक पैशाचा कारभार करायला शिकवले.

यांतली सर्वांत जुनी संस्था सारायेव्होच्या ज्यूंची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांनी १८९२मध्ये ‘ला बेनेव्होलेन्सिया’ काढली. सुरुवात गरिबांच्या मदतीने झाली, पुढे शिष्यवृत्त्यांची जोड मिळाली. १९०२मध्ये सर्बांची ‘प्रोस्व्येता’ सारायेव्होत सुरू झाली. त्याच वर्षी क्रोएट समाजाने दोन संस्था काढल्या. मोस्तारची संस्था माध्यमिक शाळांतील आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना मदत करी. सारायेव्होची संस्था मुलांना कारागिरांकडे आणि व्यापाऱ्यांकडे उमेदवारीला लावी. १९०७मध्ये दोन्ही मिळून ‘नाप्रेदाक’ झाली. १९०३मध्ये मुस्लिमांची ‘गायरेत’ स्थापन झाली. कवी आणि इतिहासकार सफवेत-बेग बाशागिच तिचे पहिले अध्यक्ष होते.

या संस्थांमागे कुणा राजाचा खजिना नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवे. सर्ब समाजापुढे जुना नमुना होता तो हंगेरीतल्या पेश्तचा. तिथे १८२६मध्ये योव्हान हाजिच आणि काही व्यापाऱ्यांनी ‘मातित्सा स्रप्स्का’ काढली, आणि १८३८मध्ये सावा तेकेलिया या धनिक कायदेपंडिताने सर्ब विद्यार्थ्यांसाठी ‘तेकेलियानुम’ हे वसतिगृह उभारले. तेकेलियानुम हे एका माणसाच्या दातृत्वाचे फळ होते. बोस्नियातील संस्था उभ्या राहिल्या त्या वर्गणीवर. मुख्य मंडळ सारायेव्होत असे आणि गावोगावी त्यांचे प्रतिनिधी व स्थानिक समित्या. कुठे शिक्षक, कुठे व्यापारी, कुठे धर्मगुरू ही कामे आपला व्यवसाय सांभाळून करत. वर्गणी गोळा करायची, नाचगाण्याचे कार्यक्रम भरवून निधी जमवायचा, होतकरू मुलांचे अर्ज वर पाठवायचे. कचेरी सांभाळायला सचिव असे. निर्णय मात्र निवडून आलेल्या मंडळाचा. संस्था आपले वार्षिक आणि नियतकालिक छापत, त्यांत देणगीदारांच्या याद्या येत. लहान गावातल्या दुकानदाराला आपले नाव आणि आपली रक्कम छापील स्वरूपात दिसे. त्या यादीने दात्याचा मान राखला जाई, आणि पैसा कुणाच्या खिशात गेला नाही याचा पुरावाही मिळे. प्रांताची विधानसभा पहिल्यांदा भरली ती १९१०मध्ये. त्याआधी आठ-दहा वर्षे या संस्थांचे सभासद पदाधिकारी निवडत होते, जमाखर्च तपासत होते, कुठल्या विद्यार्थ्याला पैसे द्यावेत यावर वाद घालत होते. नागरिकत्वाचे धडे ते इथे गिरवत होते.

यावर पहिला आक्षेप असा की या संस्थांनी समाज धर्माधर्मांत वाटला. आक्षेपात तथ्य आहे. चार समाजांच्या चार तिजोऱ्या झाल्या, आणि ‘आपला विद्यार्थी’ कोण, हे धर्मावरून ठरू लागले. पण पर्याय काय होता, तेही पाहिले पाहिजे. १८८२पासून १९०३पर्यंत प्रांताचा कारभार पाहणारे अर्थमंत्री बेन्यामिन काल्लाई यांना सर्वांसाठी एकच बोस्नियन ओळख घडवायची होती. पण ती सरकारी हुकमाने वरून लादली जात होती. लोकांना सरकारकडून जे हक्क मिळाले, तेही धर्माच्या चौकटीतच: सर्बांना चर्च आणि शाळांची स्वायत्तता १९०५मध्ये, मुस्लिमांना वक्फ आणि शिक्षणाची १९०९मध्ये. एकत्र यायला परवानगी असलेली जागा तेवढीच होती. शिवाय समाजाच्या आतही एकमत नव्हते. गायरेतचा कल सर्बांकडे झुकल्यावर नाराज मंडळींनी १९२०च्या दशकात ‘नारोद्ना उझ्दानित्सा’ ही वेगळी संस्था काढली. या घटनेकडे फूट म्हणून बघता येते. मला त्यात निरोगीपणाही दिसतो: मंडळ चुकीच्या वाटेने चालले आहे असे वाटल्यावर लोक हात बांधून बसले नाहीत, त्यांनी दुसरे मंडळ उभे केले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिष्यवृत्तीच्या आडून राजकारण चालले, असे सरकारचे म्हणणे होते. जून १९१४मध्ये सारायेव्होत युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाल्यावर जमावाने प्रोस्व्येताच्या कचेरीवर हल्ला केला. पाठोपाठ संस्थेवर बंदी आली. पुढे बान्या लुका शहरात चाललेल्या राजद्रोह खटल्यात १५६ आरोपी होते आणि १६ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्यांत प्रोस्व्येताचे सचिव वासिल ग्र्जिच होते. स्पेनचे राजे आल्फोन्सो तेरावे यांच्या मध्यस्थीने त्या फाश्या टळल्या. संस्थेच्या कारभाऱ्यांना राजकारणाचे वावडे होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण पैशाने विचार विकत घेता येत नव्हता, हेही तितकेच खरे. वडील लहानपणीच वारलेले, आत्याच्या घरी वाढलेले लेखक इव्हो आंद्रिच १९१२मध्ये नाप्रेदाकच्या शिष्यवृत्तीवर झाग्रेबला शिकायला गेले. क्रोएट संस्थेच्या पैशावर शिकणारा हा तरुण दक्षिण स्लाव्हांच्या ऐक्याचा पुरस्कर्ता झाला आणि १९१४मध्ये तुरुंगात गेला. पुढे १९६१मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तेव्हा पुरस्काराची सगळी रक्कम त्यांनी बोस्नियातील ग्रंथालयांना दिली. एका समाजाने लावलेला पैसा सर्व समाजांच्या वाचकांकडे परत आला.

तिसरा आक्षेप घेतला तो समाजवादी युगोस्लाव्हियाने. शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, मग या संस्था कशाला? १९४९मध्ये त्या बंद झाल्या. त्याच वर्षी सारायेव्होत विद्यापीठ उघडले. विद्यापीठाने आणि सरकारी शाळांनी जेवढ्या मुलांना शिकवले, तेवढ्यांना या चार संस्था मिळूनही कधी शिकवू शकल्या नसत्या, हे मान्यच करायला हवे. पण कारभार सरकारकडे गेल्यावर गावातल्या शिक्षकाचे आणि दुकानदाराचे त्या कामातले स्थान संपले. मदत घेणारे उरले. मदतीचा हिशेब मागणारे आणि देणारे उरले नाहीत.

ही सवय पुरती मेली नव्हती, हे १९९०च्या सुमारास दिसले. चारही समाजांनी आपल्या सांस्कृतिक संस्था पुन्हा उभ्या केल्या. १९९२ ते १९९६ या काळात सारायेव्होला वेढा पडला, तेव्हा ला बेनेव्होलेन्सियाने मोफत औषधालय आणि अन्नछत्र चालवले. औषध घ्यायला येणाऱ्याचा धर्म विचारला जात नव्हता, आणि काम करणाऱ्या स्वयंसेवकांत ज्यूंबरोबर मुस्लिम, सर्ब, क्रोएटही होते. एका समाजासाठी निघालेली संस्था संकटात साऱ्या शहराची झाली. धर्मभेदाच्या आक्षेपाला याहून चोख उत्तर मला सापडत नाही. स्वयंसेवकांनी चालवलेल्या शिष्यवृत्ती संस्थेचे मोल ठरवताना किती मुले शिकली हे जरूर मोजावे. पण सभा वेळेवर भरते का, हिशेब उघडा असतो का आणि ‘आपला’ या शब्दात आणखी माणसे मावतात का, हेही तपासावे. बोस्नियातल्या या मंडळांनी पहिल्या दोन गोष्टी लवकर साधल्या. तिसरीला शंभर वर्षे लागली, आणि तीच सर्वांत अवघड होती.