खाडीपलीकडची सरहद्द

माझा एक मित्र सध्या इंग्लंडला ऑनसाइट आहे. परवा त्याने हेड्रियनच्या भिंतीचे फोटो पाठवले. इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली, सुमारे ११७ किलोमीटर लांब, रोमन साम्राज्याची उत्तरेची हद्द. खाली साहेबांचा शेरा, "तुमच्या भिवंडीत आहे का असलं काही?"

लागलं ना मनाला! रविवारी सकाळी बाइक काढली.

आमची हद्द म्हणजे खाडी. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं, तेव्हा पलीकडे साष्टीत पोर्तुगीज होते, वसईत त्यांचं ठाणं. पण ही हद्द रोजच्या रोज ओलांडली जायची. महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूला लढाऊ जहाजं बांधायला घेतली, तर कामावर कोण? रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालची ३४० माणसं! जहाजं सिद्दीविरुद्ध आहेत असं सांगितलं होतं, पण उद्या हीच आपल्यावर येतील ही धास्ती वसईच्या कॅप्टनला होतीच. त्याने आतून सूत्रं हलवली आणि १६५९ मध्ये अख्खी टीम गुपचूप काम सोडून निघून गेली. नोटीस पीरियड वगैरे काही नाही. (आमच्या मॅनेजरला ही गोष्ट सांगणार आहे.)

अंजूर फाट्यावर चहाला थांबलो. याच अंजूरच्या गंगाजी नाईकांनी साष्टीतल्या लोकांचे हाल पेशव्यांच्या कानावर घातले होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई.

पुढे पूर्णा, काल्हेर, कशेळी. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. इथेच का, तर जागा स्वस्त, हायवे जवळ, आणि मुंबईत माल शिरला की जकात. मग माल हद्दीबाहेर ठेवायचा, लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. हेड्रियनची भिंतसुद्धा फौजा अडवण्यापेक्षा येणाजाणाऱ्यांवर नजर ठेवायला आणि कर घ्यायला जास्त उपयोगी होती, असं काही इतिहासकार म्हणतात. मला तर ते कशेळीला ट्रकच्या मागे अडकल्यावर एकदम पटलं.

पूल ओलांडून ठाण्याच्या किल्ल्याशी पोचलो. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत मराठे आले, १७७४ मध्ये इंग्रज. आता तिथे मध्यवर्ती कारागृह. म्हणजे मित्र त्याच्या भिंतीवर चढून फोटो काढतो, आणि आमच्या भिंतीच्या आत जायचं तर आधी गुन्हा करायला हवा!

रस्त्यावरूनच भिंत पाहिली. फोटो काढायला मोबाइल काढला, पण बंदोबस्तावरच्या हवालदारांनी नुसती मान हलवली. मुकाट खिशात ठेवला. मित्राला काय पाठवायचं? शेवटी येताना काल्हेरच्या गोदामांचा एक फोटो काढला आणि तोच धाडला.

त्याचं उत्तर आलं, "हे काय?"

आता हे सगळं टाइप करून पाठवतोय.