म्युनिकचे अध्यासन आणि पटकीचा पेला

माझ्या मुलीने पर्यावरणीय आरोग्य या विषयात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी एकच विचारले, ‘‘म्हणजे झाडंबिडं लावायची का?’’ मी पंचवीस वर्षे एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात काढलेली. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे असे रजिस्टरात लिहायचे, हे माझे काम. तरी मलाही त्या प्रश्नाला धड उत्तर देता आले नाही. हवा, पाणी, माती, घर आणि माणसाची प्रकृती यांचा संबंध ही विद्यापीठात शिकवायची गोष्ट आहे, हे आधी कोणाच्या डोक्यात आले असेल? या प्रश्नाचा माग काढत मी म्युनिकला पोहोचलो. अर्थात पुस्तकांतून आणि इंग्रजीच्या आधाराने. माझा पासपोर्ट अजून कोराच आहे.

माक्स पेटेनकोफर हा बव्हेरियातल्या दलदलीच्या प्रदेशातील शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1818 चा. राजवाड्यातले औषधनिर्माते असलेल्या काकांनी त्याला शिकवले. मध्येच तो पळून गेला आणि काही काळ नाटकात कामे करू लागला. (आपल्याकडच्या किती शास्त्रज्ञांच्या चरित्रात हे कलम सापडेल?) परतल्यावर त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले, गीसेनला लीबिगच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र गिरवले आणि सरकारी टांकसाळीत नोकरी केली. 1847 मध्ये तो म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक झाला.

या रसायनशास्त्रज्ञाची मला भावलेली गोष्ट म्हणजे त्याने रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू मोजायला घेतली. माणसांनी भरलेली खोली कोंदट वाटते, पण ‘कोंदट’ म्हणजे किती? त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि 1858 मध्ये मर्यादा सांगितली : हजार भागांत एक भाग. हा वायू स्वतः विष आहे असे त्याचे म्हणणे नव्हते. माणसांच्या श्वासाने आणि अंगाने हवा किती खराब झाली आहे, याची ती खूण होती. बंद वर्गांची हवा तपासताना ही खूण आजही वापरतात. कपडे अंगाची ऊब कशी राखतात, भिंतींतून हवा किती झिरपते, जमिनीखालचे पाणी कधी चढते नि कधी उतरते, हे सगळे त्याने मोजले.

1865 साली बव्हेरियातल्या तीन विद्यापीठांत आरोग्यशास्त्राची अध्यासने निघाली आणि डॉक्टर होणाऱ्यांना त्या विषयाची परीक्षा लागू झाली. म्युनिकचे अध्यासन पेटेनकोफरकडे आले. पुढे व्हिएन्नाने बोलावले तेव्हा तो गेला नाही. त्या बदल्यात स्वतंत्र संस्था पदरात पाडून घेतली. ती 1879 मध्ये उघडली. 1873 मध्ये त्याने म्युनिककरांसमोर शहराला आरोग्याची किंमत किती, या विषयावर दोन व्याख्याने दिली. लंडनमध्ये हजारी 22 माणसे मरतात, आपल्याकडे 33. मधल्या अकरा जणांच्या आजारपणाचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण भरतो? नगरपालिकेच्या सभेत हिशेबाच्या भाषेत बोलावे लागते, हे त्याला पक्के कळले होते. मैलागटारे झाली, मध्यवर्ती कत्तलखाना झाला, 1883 मध्ये मांगफाल खोऱ्यातून डोंगराचे पाणी आले. म्युनिकमधला विषमज्वर झपाट्याने उतरला.

इथपर्यंत कथा सरळ आहे. पटकीशी ती अडखळते.

1854 च्या साथीत पेटेनकोफरला स्वतःलाच पटकी झाली होती. त्याने शहराचे नकाशे काढून सिद्धांत मांडला : जंतू एकटा काही करत नाही; त्याला जमिनीतली विशिष्ट परिस्थिती मिळाली तरच विष तयार होते. जंतू म्हणजे क्ष, जमीन म्हणजे य, विष म्हणजे ज्ञ. पिण्याचे पाणी दोषी आहे हे त्याने मानले नाही. 1884 मध्ये कोखने कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला, तरी नाही.

1892 मध्ये हांबुर्गमध्ये साथ भडकली आणि साडेआठ हजारांवर माणसे मेली. हांबुर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हांबुर्गची घाण मिसळलेले पाणी घेणारे. पण ते वाळूतून गाळत असे. दोन्ही शहरांच्या सीमेवरच्या रस्त्यावर एका बाजूला पटकी होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. माती तीच, हवा तीच. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा होता?

त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला, चौऱ्याहत्तरीला टेकलेला पेटेनकोफर जठरातले आम्ल मारण्यासाठी सोडा घेऊन पटकीच्या जंतूंचा पेला प्यायला. थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. दहा दिवसांनी त्याचा शिष्य एमरिशने तेच केले. तो जास्त आजारी पडला, पण वाचला. लोक ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात. मला ती तशी वाचवत नाही. एका माणसाचे जगणे म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या काळच्या सर्वांत काटेकोर मोजणाऱ्याला कळत नव्हते असे कसे म्हणायचे?

या मताचे धागे आपल्याकडेही पोहोचले होते. पटकीच्या संशोधनासाठी भारतात धाडलेले लुइस आणि कनिंगहॅम हे दोन डॉक्टर आधी जर्मनीत जाऊन पेटेनकोफरला भेटून आले होते. रोग जागेत असतो, ही समजूत मुंबईतही मुरलेली होती. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी प्लेग ओळखला, तेव्हा गटारांतून कार्बोलिक सोडले, उजेडासाठी छपरांची कौले काढली, राहण्यास अयोग्य म्हणून घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरे रंगवली. 1898 च्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने समुद्राची हवा आत यावी म्हणून रस्ते काढले. त्याच वर्षी सिमाँने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले; त्याचे कोणी मनावर घेतले नाही. रुंद रस्ते चांगलेच झाले. पण खोली गेलेले भाडेकरू पुढच्या चाळीत अधिक दाटीने राहू लागले.

आता माझे. एका पावसाळ्यात आमच्या गावच्या एका वस्तीत कावीळ पसरली. अहवालात कारण लिहिले गेले : वस्तीतील अस्वच्छता. माझ्या रजिस्टरात त्या महिन्यातला प्रत्येक नमुना पिवळा आहे आणि प्रत्येक नमुना टाकीवरचा आहे. वस्तीकडे जाणारी पाइपलाइन गटारातून गेलेली होती, तिचा जोड गळत होता. फिटरला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. एक दिवसाआड पाणी सुटायचे, मधल्या वेळी रिकाम्या नळीत काय ओढले जात असेल हे सांगायला विद्यापीठ नको होते. मी अहवालाची फेरप्रत काढली आणि साहेबांची सही घेतली. दोन बाया गेल्या, त्यातली एक गरोदर होती.

म्हणून मला पेटेनकोफरचा राग पूर्ण येत नाही आणि कौतुकही पूर्ण करवत नाही. चुकीच्या सिद्धांतावर त्याने एक शहर निर्मळ केले, आणि त्याच सिद्धांताच्या आधाराने पाणी न गाळणाऱ्यांना सबब मिळाली. 1901 च्या फेब्रुवारीत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पुढच्याच वर्षी त्याचे अध्यासन माक्स फोन ग्रूबरकडे गेले आणि हे गृहस्थ वंशशुद्धीच्या चळवळीचे पुढारी झाले. ‘आरोग्य’ या शब्दाखाली काय काय मावते, ते पाहून मी त्या दिवशी वाचन थांबवले होते.

मुलीच्या पहिल्या क्षेत्रकार्याला मी सोबत गेलो. एका वाडीत पाण्याचे नमुने घ्यायचे होते. मी सवयीने टाकीच्या शिडीकडे वळलो. ती म्हणाली, ‘‘बाबा, तिकडे नाही,’’ आणि बाटल्यांची पेटी उचलून वाडीतल्या शेवटच्या घराकडे चालू लागली.