एमआरआय आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर

एमआरआय काढला की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लगेच सापडतो, असं तुम्हाला वाटतं का?

चुंबकीय क्षेत्रात उंदरांच्या कॅन्सरच्या गाठी आणि निरोगी मांस वेगवेगळे संकेत देतात, हे अमेरिकेतल्या डॉ. रेमंड दमाडियन यांनी १९७१ साली दाखवलं. पुढे एमआरआय आला. तरी या कॅन्सरची स्टेज बराच काळ मुख्यतः हाताने तपासूनच ठरायची; ‘फिगो’ या जागतिक संघटनेने त्यासाठी एमआरआयसारख्या तपासण्या २०१८ मध्ये मान्य केल्या. गाठ आजूबाजूला किती पसरली, ऑपरेशन करायचं की रेडिएशन द्यायचं, हे ठरवायला एमआरआय फार उपयोगी.

पण गाठ होण्याआधीचा पेशींतला बदल त्यात दिसत नाही. तो वेळेत कसा पकडायचा, हे आपल्या बारामती-इंदापूरपासून फार लांब नसलेल्या भागात सिद्ध झालं. बार्शीत १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये आले: ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. यंत्र नाही, ब्रशने घेतलेला एक नमुना!

संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल, तर आधी आतून तपासून घ्या. एमआरआयचा नंबर त्यानंतर.