रायगड किनारपट्टीवरील कोवळ्या झाडांचे ठिबक सिंचन

रायगड किनारपट्टीवरील कोवळ्या झाडांचे ठिबक सिंचन ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन इत्यादी किनारी तालुक्यांत नव्याने लावलेल्या फळझाडांना पाणी देण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत नारळ, सुपारी, आंबा, चिकू, जायफळ आदींच्या रोपांना नळ्या व तोट्यांच्या साहाय्याने मुळांपाशी थेंबाथेंबाने पाणी दिले जाते. या पट्ट्यात वर्षाला २,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले सात-आठ महिने रोपांना विहिरीच्या पाण्यावर जगवावे लागते. समुद्राजवळच्या विहिरींतून फार उपसा केल्यास पाणी मचूळ होण्याचा धोका असतो. त्यामुळे येथे ठिबक सिंचनाचा उपयोग केवळ पाण्याची बचत एवढाच नसून विहिरीतील पाण्याचा गोडवा टिकवणे हाही आहे.

पार्श्वभूमी

रायगडच्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या बागांना ‘वाडी’ किंवा ‘आगर’ म्हणतात. अलिबाग परिसराचे ‘अष्टागर’ हे जुने नाव याच आगरांवरून पडले आहे. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर आणि श्रीवर्धन ही वाड्यांसाठी प्रसिद्ध गावे होत. श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी विशेष नावाजलेली आहे. वाडीत माड व पोफळींच्या सावलीत केळी, जायफळ, मिरी अशी मिश्र पिके घेतली जातात.

वाडीला पाणी देण्याच्या कामास ‘शिंपणे’ म्हणतात. पूर्वी विहिरीवर बैलाच्या साहाय्याने रहाट चालवला जाई. रहाटाच्या माळेतील गाडग्यांनी वर आलेले पाणी पन्हळीतून पाटात पडे व पाटाने एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाई. रहाटाचा उपसा मंद असल्याने विहिरीत पाणी भरून येण्यास अवधी मिळे. विजेचे पंप आल्यावर उपशाचा वेग वाढला, मात्र पाट व आळ्यांची पद्धत पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

आधुनिक ठिबक सिंचनाचा व्यापारी प्रसार १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये झाला. अभियंता सिम्चा ब्लास यांच्या तोटीच्या रचनेवर आधारित नेटाफिम ही कंपनी १९६५ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात १९८०च्या दशकापासून द्राक्षे, केळी व ऊस या पिकांसाठी ही पद्धत रुजू लागली. जळगावच्या जैन इरिगेशनचा या प्रसारात मोठा वाटा आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड व अलिबाग तालुक्यांत माड, पोफळी व आंब्याची झाडे मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडली. पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या वाड्यांत पुन्हा नव्याने लागवड करावी लागली. माड उत्पन्न देऊ लागण्यास जातीनुसार साधारण चार ते आठ वर्षे लागतात. रोप पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात मेल्यास त्या जागी नांगी भरावी लागते आणि तेवढी वर्षे वाया जातात.

जमीन आणि भूजल

किनाऱ्यालगतची जमीन वाळूमिश्रित, तर डोंगरउतारावरील जमीन तांबडी व उथळ असते. दोन्हींत पाणी फार काळ टिकत नाही. वाळूत तोटीचे पाणी आडवे न पसरता सरळ खाली उतरते. म्हणून तेथे एका जागी पुष्कळ पाणी देण्यापेक्षा तोट्यांची संख्या वाढवून थोडे थोडे पाणी रोज, शक्य असल्यास दिवसातून दोनदा देणे इष्ट ठरते. भारी जमिनीत ओलावा आडवा पसरत असल्याने एक-दोन दिवसांआड पाणी दिले तरी चालते.

वाळूच्या थराखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी वजनाने किंचित हलके असल्याने हे घडते. घायबेन–हर्झबर्ग संबंधानुसार समुद्रसपाटीपासून गोड्या पाण्याची पातळी जितकी उंच, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. म्हणजेच पातळी १ मीटरने उतरली, तर खाली खाऱ्या पाण्याची सीमा तात्त्विकदृष्ट्या सुमारे ४० मीटरने वर सरकते. प्रत्यक्षात जमिनीच्या थरांप्रमाणे हे प्रमाण बदलते. तरीही एकाच वेळी जोरात उपसा करण्याऐवजी थोडा व सावकाश उपसा करणे किनाऱ्यावर सुरक्षित मानले जाते. माड काही प्रमाणात क्षार सहन करतो. आंबा व पोफळ यांची सहनशक्ती त्या मानाने कमी आहे.

संचाची रचना

संचात पंप किंवा उंचावरील टाकी, गाळणी, दाबमापक, मुख्य व उपमुख्य नळ्या, उपनळ्या आणि तोट्या हे भाग असतात. मुख्य नळी सामान्यतः पीव्हीसीची असून ती जमिनीत पुरतात. उपनळ्या १२ किंवा १६ मि.मी. व्यासाच्या काळ्या प्लॅस्टिकच्या असतात. तोट्या ताशी २, ४ किंवा ८ लिटर क्षमतेच्या मिळतात. विहिरीच्या स्वच्छ पाण्यास जाळीची किंवा चकतीची गाळणी पुरते. शेवाळ असलेल्या तळ्याच्या पाण्यासाठी वाळूची गाळणीही लागते. पाण्यासोबत वाळू येत असल्यास ती वेगळी करणारे हायड्रोसायक्लोन हे उपकरण गाळणीच्या आधी बसवतात.

बहुतेक संच सुमारे १ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. दाबावर चालतात. टाकीचा तळ जमिनीपासून ३ मीटर उंच असल्यास सुमारे ०.३ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. दाब मिळतो. लहान सपाट वाडीत कमी दाबावर चालणाऱ्या तोट्यांसाठी तो उपयोगी पडतो. उतारावर खालच्या झाडांना जास्त व वरच्यांना कमी पाणी मिळू नये, यासाठी उपनळ्या समपातळीत टाकतात किंवा दाब बदलला तरी सारखेच पाणी देणाऱ्या तोट्या वापरतात.

पाण्याचे मोजमाप

१ चौ.मी. जागेवर १ मि.मी. पाणी म्हणजे १ लिटर. या हिशेबाने रोपाची दैनंदिन गरज पुढीलप्रमाणे काढतात:

दैनंदिन गरज (लिटर) = बाष्पीभवन (मि.मी.) × पीक गुणांक × झाडाच्या विस्ताराचे क्षेत्र (चौ.मी.)

उदाहरणार्थ, झाडाच्या विस्ताराचा व्यास १.५ मीटर असल्यास क्षेत्र सुमारे १.७७ चौ.मी. भरते. बाष्पीभवन ५ मि.मी. व गुणांक ०.८ धरल्यास गरज सुमारे ७ लिटर येते. ताशी ४ लिटरच्या दोन तोट्या एक तास चालवल्यास ती भागते. माडाच्या रोपास पहिल्या वर्षी उन्हाळ्यात रोज साधारण १० लिटर पाणी देतात आणि वयाप्रमाणे ते ३० ते ४० लिटरपर्यंत वाढवतात.

विहिरीवर पडणारा भार लागवडीच्या अंतरावर अवलंबून असतो. माड ७.५ × ७.५ मीटर अंतरावर लावल्यास हेक्टरी सुमारे १७७ झाडे बसतात, पोफळी २.७ × २.७ मीटर अंतरावर लावल्यास सुमारे १,३७१. प्रत्येक पोफळीस ताशी ४ लिटरच्या दोन तोट्या दिल्या, तर हेक्टरी ताशी सुमारे ११,००० लिटर पाणी लागते. दहा गुंठ्यांच्या वाडीत हाच आकडा ताशी सुमारे १,१०० लिटर होतो. विहिरीची आवक कमी असल्यास वाडीचे भाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र झडप बसवतात व आळीपाळीने पाणी सोडतात.

उभारणी व तोट्यांची जागा

लागवड सामान्यतः पावसाळ्याच्या आरंभी करतात. पाणी साचणाऱ्या जागी मात्र जोराचा पाऊस ओसरल्यावर रोपे लावतात. मुख्य नळीचे चर लागवडीपूर्वीच खणल्यास पुढे मुळांना इजा होत नाही. उपनळ्या पाऊस संपल्यावर अंथरतात. तोट्या बसवण्यापूर्वी नळ्यांची टोके उघडी ठेवून पाणी सोडतात, म्हणजे आतील माती व प्लॅस्टिकचा कीस निघून जातो.

पहिल्या वर्षी तोट्या बुंध्यापासून सुमारे ३० सें.मी. अंतरावर, समोरासमोर ठेवतात. बुंध्यालाच पाणी लागत राहिल्यास कूज होण्याचा संभव असतो. झाड वाढेल तशा तोट्या बाहेर सरकवून त्यांची संख्या वाढवणे हा या पद्धतीतील महत्त्वाचा, परंतु अनेकदा राहून जाणारा भाग आहे. मुळे ओलाव्याच्या जागीच दाटतात. तोट्या वर्षानुवर्षे बुंध्याजवळच राहिल्यास मुळांचा विस्तार आखूड राहतो आणि वादळी वाऱ्यात झाडाचा आधार कमी पडू शकतो.

आळ्यात नारळाची सोडणे, झावळ्या किंवा पालापाचोळा यांचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन घटते. पोफळीच्या रोपांना कडक ऊन सोसत नसल्याने सावलीसाठी केळी लावतात. केळीला पाणी अधिक लागत असल्याने तिच्यासाठी स्वतंत्र तोट्या देतात. एरवी ती रोपाच्या वाट्याचे पाणी ओढून घेते.

देखभाल

गाळणी आठवड्यातून किमान एकदा धुतात व उपनळ्यांची टोके उघडून गाळ काढतात. क्षार साचून तोट्या बुजल्यास सौम्य आम्लाची आणि शेवाळ झाल्यास क्लोरीनची प्रक्रिया करतात. या दोन प्रक्रिया एकत्र करत नाहीत, कारण त्यांतून विषारी क्लोरीन वायू तयार होतो. माडाच्या झावळ्या व नारळ पडून नळ्या फुटतात. उंदीर व खारीही त्या कुरतडतात. जुन्या माडांखाली नवी रोपे लावलेल्या वाड्यांत म्हणून नळ्यांची नियमित फेरतपासणी करावी लागते.

उन्हाळ्यात ओल्या वर्तुळाच्या कडेला क्षार साचतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात. परंतु अवकाळी हलक्या सरीने ते मुळांकडे ढकलले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी सर पडून गेल्यावरही ठिबक काही वेळ चालू ठेवतात. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर उपनळ्या गुंडाळून उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवतात.

शासकीय योजना व संशोधन

सूक्ष्म सिंचनासाठी केंद्र पुरस्कृत योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के अनुदानाची तरतूद असून महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात पूरक अनुदानाची भर पडते. २०१८-१९ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकण विभागासाठी किमान ०.१० व कमाल १० हेक्टर अशी क्षेत्रमर्यादा आहे. या योजनेचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते. पुढील हप्ते झाडे जिवंत राहण्याच्या प्रमाणाशी निगडित असल्याने उन्हाळ्यातील पाण्याची सोय अनुदानाच्या दृष्टीनेही निर्णायक ठरते.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) कोकणातील फळपिकांवर संशोधन करते. विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धन येथे, तर खार जमीन संशोधन केंद्र पनवेल येथे आहे.

मर्यादा व पर्याय

पाटाच्या पाण्याने संपूर्ण वाडी ओली व थंड राहते. ठिबकने केवळ मुळांजवळची जागा भिजते. त्यामुळे दमट हवा मानवणाऱ्या पोफळ व जायफळ यांच्या मोठ्या वाड्यांत काही बागायतदार सूक्ष्म तुषार सिंचन पसंत करतात. शिवाय पाटाचे झिरपणारे पाणी काही अंशी पुन्हा विहिरीस मिळते. म्हणून ठिबकमुळे होणारी पाण्याची निव्वळ बचत कागदावरील आकड्यापेक्षा कमी असू शकते. उपसा मात्र निश्चितपणे घटतो व सावकाश होतो, आणि किनाऱ्यावर तेच अधिक महत्त्वाचे असते.

वीज किंवा भांडवल नसलेल्या ठिकाणी रोपाशेजारी मातीचे मडके पुरून ते पाण्याने भरून ठेवण्याची मटका सिंचन पद्धत वापरली जाते. वापरलेल्या सलाईनच्या बाटल्यांतून थेंबाथेंबाने पाणी देण्याची युक्तीही महाराष्ट्रात प्रचलित आहे. मोजक्या रोपांसाठी हे उपाय पुरेसे ठरतात; रोपांची संख्या वाढल्यास भरण्याचे श्रम परवडत नाहीत.