मातृभाषेचें पहिलें पुस्तक : संत ला साल ह्यांच्या शाळांतील वाचन व शुद्धलेखन

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे जुनीं दफ्तरें उघडलीं जातात, आणि त्यांत मंदिराच्या जोडीनें शाळेचा उल्लेख हटकून सांपडतो. म्हणून ह्या स्मरणिकेंत शाळेविषयीं चार शब्द लिहिणें उचित वाटलें. आजकाल आईबाप आम्हां धर्मगुरूंस एक प्रश्न वारंवार विचारतात : मुलाच्या हातीं पहिलें पुस्तक कोणत्या भाषेचें द्यावें? घरीं बोलतात त्या मराठीचें, कीं जिच्यापासून पुढें मोठा लाभ दिसतो त्या इंग्रजीचें? प्रश्न आपणांस नवा वाटतो. परंतु सुमारें सव्वातीनशें वर्षांपूर्वीं फ्रान्स देशांत तो जवळजवळ ह्याच स्वरूपांत उपस्थित झाला होता. तेथें इंग्रजीच्या जागीं लॅटिन होती, आणि वादाच्या एका बाजूस एक सद्हेतूचे बिशप व दुसऱ्या बाजूस एक संत उभे होते.

ह्या संतांचें नांव जॉन बाप्तिस्त द ला साल. त्यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजीं रँस शहरीं एका सधन घराण्यांत झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं ते तेथील कॅथेड्रलचे कॅनन झाले व १६७८ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढील वर्षीं आद्रियें नियेल नांवाचे गृहस्थ गरीब मुलांसाठीं शाळा काढण्याच्या हेतूनें रँस येथें आले, आणि त्यांना साह्य करतां करतां ला साल स्वतःच ह्या कामांत ओढले गेले. शिक्षक म्हणून जे तरुण मिळत ते स्वतःच अल्पशिक्षित असत. ला साल ह्यांनीं त्यांना प्रथम आपल्या पंक्तीस बसविलें व नंतर आपल्या घरींच ठेवून घेतलें. नातलगांना हें मुळींच रुचलें नाहीं. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें आणि पाठोपाठच्या दुष्काळांत आपली मालमत्ता गरिबांस वांटून टाकिली. ह्या शिक्षकमंडळींतूनच ‘ख्रिस्ती शाळांचे बंधु’ हा संघ उभा राहिला. १९०० सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं ला साल ह्यांस संतपद दिलें व १९५० सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. इतकें चरित्र येथें पुरे. आपणांस त्यांच्या वर्गांत जावयाचें आहे.

त्या काळीं फ्रान्समध्यें मूल शाळेंत आलें कीं त्याच्यापुढें लॅटिन पुस्तक ठेवण्याची रीत बहुतेक ठिकाणीं होती. ह्यामागें केवळ भक्तिभाव होता असें नाहीं. लॅटिनमध्यें जें अक्षर लिहितात तें बहुधा उच्चारतातही. फ्रेंच भाषेचें तसें नाहीं. पाणी ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत तीन अक्षरें लिहितात आणि उच्चार एकट्या ‘ओ’चा होतो, क्रियापदाच्या अनेकवचनाच्या शेवटीं जीं अक्षरें येतात तीं डोळ्यांस दिसतात, पण कानांस ऐकूं येत नाहींत. देवनागरीवर वाढलेल्या आपणांस ह्या अडचणीची कल्पना चटकन येणार नाहीं. तेव्हां जुने शिक्षक म्हणत कीं, मुलास आधीं सोप्या उच्चाराची लॅटिन वाचूं द्या. अक्षरें ओळखीचीं झालीं म्हणजे फ्रेंच मागाहून येईल. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हता. मात्र एक गोष्ट त्यांत हिशेबीं धरलेली नव्हती, ती ही कीं, मूल जें वाची त्यांतील एकही शब्द त्यास कळत नसे.

चार्त्र येथील बिशप पॉल गोदे दे मारे ह्यांनीं बंधूंस आपल्या शहरीं बोलाविलें व १६९९ सालीं तेथें त्यांची शाळा निघाली. बिशप ला साल ह्यांचे हितचिंतक होते. परंतु मुलांना पहिल्यानें लॅटिन वाचावयास शिकवावें अशी त्यांची इच्छा होती. ला साल ह्यांनीं त्यांच्यापुढें जीं कारणें मांडलीं तीं त्यांचे चरित्रकार कॅनन ब्लँ ह्यांनीं नोंदून ठेविलीं आहेत. त्यांचा मथितार्थ असा : कारागिरांच्या व गरिबांच्या मुलांस लॅटिनपेक्षां फ्रेंच वाचतां येणें कितीतरी अधिक उपयोगाचें आहे. जी भाषा मूल बोलतें व समजतें ती वाचावयास त्यास थोडा काळ पुरतो. फ्रेंच उत्तम वाचूं लागलेला मुलगा लॅटिन लवकर वाचूं लागतो. उलट क्रमानें तसें होत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गरिबाचें मूल शाळेंत थोडेच दिवस टिकतें. काम करण्याजोगें झालें कीं बाप त्यास घेऊन जातो. लॅटिनपासून आरंभ केला तर शाळा सोडतांना त्यास धड लॅटिन येत नाहीं आणि फ्रेंचही येत नाहीं. जें थोडें शिकलें तेंही तें लवकरच विसरतें, आणि धर्माचें पुस्तक स्वतः वाचून समजून घेण्याचें साधन जन्मभर त्याच्या हातीं येत नाहीं. बिशपांस हें पटलें.

ह्या शेवटल्या कारणांतच मला सर्व विचाराचें मर्म दिसतें. श्रीमंताचा मुलगा दहा वर्षें शिकणार. त्याचा आरंभ चुकला तरी तो भरून काढील. विणकराच्या मुलापाशीं दोनतीन वर्षें असत, आणि तीं वायां जाऊं नयेत ही चिंता ला साल ह्यांस होती.

मातृभाषेपासून आरंभ करण्याची कल्पना मूळ त्यांचीच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. पोर-रॉयाल येथील शाळांतून ती त्यांच्याआधीं अमलांत आली होती. परंतु त्या शाळा मूठभर मुलांच्या होत्या व १६६० सालीं त्या बंद पाडण्यांत आल्या. आपल्याकडील वाचकांस येथें फादर थॉमस स्टीफन्सही आठवतील. गोव्यांतील ख्रिस्ती जनांस कळावें म्हणून त्यांनीं ख्रिस्तपुराण मराठींत रचलें व तें १६१६ सालीं छापून निघालें, म्हणजे ला साल ह्यांच्या जन्माआधीं पस्तीस वर्षें.

आतां प्रत्यक्ष वर्गाकडे वळूं. बंधूंच्या शाळा कशा चालवाव्या ह्याचा ग्रंथ प्रथम हस्तलिखित रूपानें फिरत होता. १७०६ सालची त्याची एक प्रत उपलब्ध आहे. छापून तो १७२० सालीं, म्हणजे ला साल ह्यांच्या निधनानंतरच्या वर्षीं, आव्हीन्यों शहरीं निघाला. त्यांत वाचनाच्या नऊ पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिली अक्षरांच्या तक्त्याची व दुसरी अक्षरें जोडून होणाऱ्या उच्चारखंडांच्या तक्त्याची. हे तक्ते भिंतीवर टांगीत. तिसऱ्या पायरीवर उच्चारखंडांचें लहान पुस्तक येई. त्यानंतरच्या पुस्तकांत मूल शब्द आधीं फोडून व मग सलग वाची, आणि सहाव्या पायरीस विरामचिन्हांप्रमाणें थांबून, अर्थ कळेल असें वाचूं लागे. लॅटिन स्तोत्रांचें पुस्तक येतें तें सातवें! फ्रेंच निर्दोष वाचणाऱ्यासच तें देत. आठवें पुस्तक शिष्टाचाराचें, ला साल ह्यांनीं स्वतः लिहून १७०३ सालीं छापविलेलें. त्याचा ठसा मुद्दाम हस्ताक्षरासारख्या वळणाचा असे. नववी पायरी हातानें लिहिलेल्या कागदांची.

पूर्वीं शिक्षक एकेका मुलास जवळ बोलावून वाचावयास लावी आणि तोंवर बाकीचीं मुलें दंगा करीत. बंधूंच्या शाळेंत एका पायरीचीं सर्व मुलें तेंच पुस्तक उघडून बसत. एकजण मोठ्यानें वाची, इतर मनांतल्या मनांत त्याच्याबरोबर चालत. पुढें वाचण्याची आज्ञा कोणास होईल ह्याचा नेम नसल्यामुळें सर्वांस सावध राहावें लागे. शिक्षकाच्या हातीं एक लहान लाकडी साधन असे. त्याचा टक्‌ असा आवाज झाला कीं वाचणारा थांबे आणि चुकलेला शब्द पुन्हा वाची. शिक्षकानें होईल तितकें कमी बोलावें अशी सूचना आहे. ती आम्हां प्रवचनकारांसही लागू करतां येईल. प्रत्येक पायरीवर आरंभींचे, मध्यम व तयार असे तीन गट असत, आणि महिन्याच्या अखेरीस परीक्षा होऊन मुलास वर चढवीत.

व्याकरणास स्वतंत्र तास नव्हता. तें शुद्धलेखनाच्या वाटेनें येई. कारण जेथें अनेकवचन कानास कळत नाहीं तेथें तें लिहिणाऱ्यास वाक्याची रचना समजावीच लागते. ह्यासाठीं मुलांना वेंचक काव्य देत नसत. पत्रें, पैसे पोंचल्याच्या पावत्या, कर्जाचे रोखे, कारागिरांचे करार असले व्यवहारांतील कागद त्यांना उतरून काढावयास देत. कांहीं महिने असें झालें म्हणजे तसाच कागद मुलानें स्वतः रचून लिहावा; शिवाय आठवड्यांत ऐकलेल्या धर्मशिक्षणांतील जें स्मरत असेल तें आपल्या शब्दांत लिहून आणावें, आणि शिक्षकानें त्यांतील चुका दुरुस्त कराव्या. ज्या मुलाचा बाप सावकाराच्या कागदावर न वाचतां निशाणी करीत आला, त्याला हें शिक्षण काय देत होतें हें वेगळें सांगणें नको.

पॅरिसमधील लेखनिकांच्या पेढीला तें बरोबर कळलें. लेखन शिकविण्याचा हक्क राजाज्ञेनें त्या मंडळीकडे होता. बंधूंच्या फुकट शाळांनीं आपला धंदा बुडतो म्हणून १७०४ सालीं त्यांनीं ला साल ह्यांस न्यायालयांत ओढलें. शाळांतील सामान जप्त झालें, दंड झाले.

दुसरी अडचण आईबापांचीच होती. मुलें शाळा कां चुकवितात ह्यावर त्या ग्रंथांत मोठें प्रकरण आहे, आणि तें वाचतांना आपण तीनशें वर्षांमागचें वाचीत आहों ह्याचा विसर पडतो. गरीब बाप स्वतः कधीं शाळेंत गेलेला नसतो, त्यामुळें मुलाचें काय बुडतें हें त्यास जाणवत नाहीं, असें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. अशा बापास भेटून, वाचतां लिहितां न येणारा मुलगा पुढें कोणत्याच कामाच्या उपयोगी पडणार नाहीं, हें त्यास समजावून द्यावें. एवढ्यानेंही न ऐकणारा बाप जर धर्मादाय मदतीवर जगत असेल, तर तेथील धर्मगुरूंस कळवावें, म्हणजे ते त्यास मुलगा शाळेंत धाडावयास भाग पाडतील. हें अवघड काम आम्हां धर्मगुरूंच्या गळ्यांत घालून ग्रंथ पुढच्या प्रकरणाकडे वळतो.