येळवस आणि आम्ही

मराठवाड्यातील मुसलमानांचा इतिहास म्हटला की निजाम, रझाकार आणि पोलीस कारवाई हेच शब्द पुढे येतात. चार-पाच एकर कोरडवाहू रान कसणारी आमच्यासारखी कुटुंबे त्यात कुठेच नसतात. आमचा इतिहास सनदांत नाही, रब्बीच्या रानात आहे.

रब्बी हा शब्दच मुळी अरबी. 'रबी' म्हणजे वसंत. वसंताच्या तोंडावर हाती येणारे पीक ते रब्बी. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. ज्वारी-हरभऱ्याला असे फिरता येत नाही. त्यामुळे निजामाच्या राज्यात रोजे-ईद हिजरी सनाने आणि शेतसारा फसली सनाने चाले. आमच्या घरातही ही दोन्ही पंचांगे गुण्यागोविंदाने नांदली.

हिवाळ्यात घर अंधारातच जागे होई. आजी चुलीपुढे भाकरी थापी. अम्मी शेणकूर आटोपून न्याहारीचे फडके बांधी. अब्बांची फजरची नमाज बहुधा बांधावरच होई. आम्ही पोरे गोफण घेऊन कणसांवरची पाखरे हाकत असू. मग हुरडा, काढणी, खळे असा क्रम. सातबाऱ्यावर नाव अब्बांचे. हरभरा उपटून सोललेले हात मात्र अम्मीचे.

मार्गशीर्ष अमावास्येला येळवस. लातूर आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) भागातला हा शेताचा सण. रानात कडब्याची कोप उभी राहते आणि आंबील, भज्जी, उंडे खायला सारा गोतावळा जमतो. आम्ही पूजा मांडत नसू, पण आंबिलीचा डेरा आमच्याही रानात असे.

सप्टेंबर 1948मध्ये पोलीस कारवाई झाली. तोच रब्बीच्या पेरणीचा हंगाम. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात आजोबा बायकापोरांसह नातलगांकडे दडून राहिले. त्याच हिवाळ्यात सुंदरलाल समिती या भागात फिरली. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबादची गणना केली. तो अहवाल पुढे कित्येक वर्षे प्रसिद्धच झाला नाही.

आजी सांगे, परतल्यावर तिने घराआधी रान पाहिले. ज्वारी गुडघ्याला लागली होती. शेजारच्या शेतकऱ्याने आपले रान पेरता पेरता आमच्याही रानात पाभर धरली होती. बी त्याचेच, बैलही त्याचेच. त्या साली येळवशीला आजीने पहिली आंबील त्याच्या घरी धाडली.

सगळ्याच गावांत असे शेजारी लाभले नाहीत. कित्येकांना परतायला घरच उरले नाही. म्हणून ही आठवण त्या अत्याचारांवर घालायचे पांघरूण नव्हे. पण अत्याचार लिहिताना ती पाभरही लिहिली पाहिजे.

2000 साली येळवस 25 डिसेंबरला आली. आमचे रोजे चालू होते. शेजाऱ्याच्या नातवाने दुपारी जेवणाचा आग्रह केला नाही. दिवस मावळताना तो आंबिलीचा लोटा घेऊन बांधावर आला. आम्ही खजुराने रोजा सोडला आणि आंबील प्यालो. तीन दिवसांनी ईद होती. शीरखुर्म्याचे पहिले भांडे कोणाकडे जायचे, हे घरात कोणी विचारले नाही.