पंगतीपासून हॉटेलापर्यंत



यंदाच्या वर्धापनदिनी आपण सर्वजणींनी जालन्यास जाऊन एकत्र जेवावे असा ठराव झाला, आणि हॉटेल शोधण्याची कामगिरी माझ्या गळ्यात पडली. चौघींसाठी हॉटेल शोधणे निराळे आणि ४२ जणींसाठी शोधणे निराळे. घरी ओसरी झाडली, पत्रावळी मांडल्या की पंगत बसली. हॉटेलात कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला उपवास आहे, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, हे आधी पाहावे लागते. असे सारे प्रश्न मी वहीत टिपून सभेत वाचून दाखवले.

आपल्यातील सर्वात वडील, ज्यांना आपण सगळ्या मावशी म्हणतो, त्या म्हणाल्या, “पोरी, तिथं पाणी वरून तर ओतत न्हाईत ना?”

मी हसले. मग त्यांचा चेहरा पाहून ओशाळले. मावशींच्या लहानपणी बाजाराच्या गावी एका हॉटेलाबाहेर खुंटीला काही कपबश्या वेगळ्या टांगलेल्या असत. त्यांच्या आईने तीच कपबशी घ्यायची, बाहेर उभ्याने चहा प्यायचा, आणि कप स्वतः विसळून परत टांगायचा. ते हॉटेल आता राहिलेले नाही. पण मावशींचा प्रश्न राहिला होता. त्या एका प्रश्नापायी मी पुस्तके उघडली. जे सापडले ते थोडक्यात सांगते.

कोणी कोणाबरोबर खावे-प्यावे हा आपल्याकडे फार जुना तंटा आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि गावभर गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर रानड्यांसारख्या सुधारकालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांतील घालमेल लिहून ठेवली आहे. एक पेला चहा, पण त्याने घरोघरची झोप उडवली!

मुंबईत इराण्यांची दुकाने निघाली तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली. क्यानी आणि कंपनीचे दुकान १९०४ सालचे. अशा दुकानांत जो पैसे देईल त्याला चहा मिळे. संगमरवरी टेबलाला जात पुसण्याची सवड नव्हती. तरी बायकांसाठी आत ‘फॅमिली रूम’ असे. चारचौघांत बाईमाणसाने बसून खाणे लोकांच्या डोळ्यांवर येई, म्हणून ही सोय.

आता आपल्या जवळची गोष्ट. आपली तीर्थपुरी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सुमारे ३० सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले. म्हणजे आपल्यासारखीच एक मोठी सहल! वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी ही मंडळी थांबली. प्रवासाच्या धुळीने माखली होती, म्हणून दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून आरडाओरडा झाला, जमाव जमला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कोठे पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला. परदेशी शिकून आलेल्या विद्वानावर हा पहारा! ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली. तिच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव ही नावे घेऊन सांगितले आहे की तेथे धर्म, जात किंवा स्त्री-पुरुष असा भेद करून कोणाला अडवता येणार नाही. म्हणजे मावशींच्या आईचा हक्क तिथे आहे, आणि आपणा बायकांचाही. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही झाला. मावशींनी ती खुंटी पाहिली ती या कायद्यानंतर. कायदा दिल्लीहून लवकर निघाला, खुंटीपाशी पोचायला त्याला वेळ लागला. १९७२ साली बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभारावी लागली, ती याचसाठी.

हे वाचल्यावर वहीतले माझे प्रश्न मला अपुरे वाटू लागले. मी मावशींनाच बरोबर घेऊन जालन्यास गेले. पहिले हॉटेल झकपक होते, पण जिना चढायचा, आणि “निम्म्या बायका दुसऱ्या खोलीत बसवू” असे तेथील माणूस म्हणाला. मावशी उठल्याच. दुसरे साधे, तळमजल्यावरचे. मालकाने टेबले जोडून एक लांब पंगत करून देण्याचे कबूल केले. भाकरी, भरली वांगी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, उपवासवाल्यांना भगर-आमटी. दर ताटामागे ठरला, गर्दीची वेळ टाळून दुपारी दोन वाजता. एवढ्यात पोऱ्याने टेबलावर पाण्याचा जग आणि दोन पेले आणून ठेवले. मावशींनी जग स्वतः उचलला, आधी माझा पेला भरला, मग आपला. बाहेर पडताना म्हणाल्या, “हेच ठरव.”

तेच ठरवले. ज्या भगिनींना कोणाच्याही मंडळासाठी हॉटेल शोधायचे असेल त्यांना माझे सांगणे एवढेच, की चव आणि दर जरूर पाहा. पण जिला सर्वात संकोच वाटतो तिला बरोबर न्या आणि तिच्या डोळ्यांनी हॉटेल पाहा. ती निर्धास्त बसली म्हणजे बाकीच्या बसल्याच.

आणि एक विनंती. हॉटेल आपण पारखून घेतले. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे गावातील प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विधवा भगिनीच्या दारी जाते की नाही, हेही याच वहीत लिहून पारखू या.